धरणाने अंदाजावर विसंबावे का?

उत्तर कॅलिफोर्नियात युकाया गावाजवळ, रशियन नदीच्या पूर्व फाट्यावर, एक मध्यम आकाराचे धरण आहे. त्याच्या जलाशयाला लेक मेंडोसिनो म्हणतात. २०१२च्या डिसेंबरात प्रशांत महासागरावरून आलेल्या वादळाने हा जलाशय भरला. हिवाळ्यात जलाशयात किती पाणी ठेवायचे याची रेघ नियमपुस्तिकेत आखलेली होती. रेघेच्या वरची जागा पुरासाठी राखीव. तिथे पाणी चढले की ते सोडून जागा मोकळी करायची. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने नियमाप्रमाणे ते पाणी सोडले. त्यानंतर आकाश उघडले, आणि जवळजवळ वर्षभर उघडेच राहिले. २०१३ हे कॅलिफोर्नियाच्या नोंदींतले सर्वांत कोरडे वर्ष ठरले. खालच्या द्राक्षबागा आणि गावे ज्या पाण्यावर वर्ष काढतात, ते पाणी समुद्राला मिळून गेले होते.

पाणी सोडले त्या दिवसांत पुढच्या आठवड्याचे हवामान अंदाज उपलब्ध होते. पण धरण चालवणाऱ्याने अंदाज बघून निर्णय घ्यायचा नाही, पडलेल्या पावसाचे पाणी तेवढे खरे मानायचे, असा दंडक होता. तो दंडक १९५०च्या दशकाच्या अखेरीस ठरलेल्या व्यवस्थेचा. तेव्हा हवामानाचे उपग्रह नव्हते, आणि तीन दिवसांपुढचा अंदाज ही जवळपास अटकळच असे. त्या काळी तो नियम शहाणपणाचाच होता. साठ वर्षांत अंदाजाचे शास्त्र कुठल्या कुठे गेले, नियम जिथल्या तिथे राहिला.

मेंडोसिनो भरणारे ते वादळ म्हणजे एक वातावरणीय नदी होती. अशा नद्यांबद्दल गेल्या काही वर्षांत मराठीतही पुष्कळ लिहिले जाते. 'आकाशातली नदी' हे चित्र मनाला पटकन भिडते. अशा लेखांचा शेवट बहुधा एकाच मागणीवर होतो: अंदाज अधिक अचूक झाले पाहिजेत. अचूकता वाढायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण ती मागणी पुष्कळदा निर्णय पुढे ढकलण्याचे साधन होऊन बसते, असे माझे मत आहे. आज हाती असलेला अंदाज कोणत्या निर्णयाला पुरेसा आहे, तो निर्णय कोणी घ्यायचा आणि तो फसला तर त्याची जबाबदारी कोणी उचलायची, हे ठरलेले नसेल, तर जगातला सर्वांत अचूक अंदाजही फाइलीतच राहतो.

आधी ही नदी म्हणजे काय ते पाहू. समशीतोष्ण कटिबंधातल्या चक्रीवादळी प्रणालींच्या शीत आघाडीपुढे वाफेचा एक लांब, अरुंद पट्टा तयार होतो. लांबी हजारो किलोमीटर, रुंदी साधारण चारशे ते सहाशे किलोमीटर. बहुतेक वाफ जमिनीपासून पहिल्या तीन किलोमीटरांतच असते आणि जोरदार वारे ती ढकलत नेतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले रेजिनाल्ड न्यूवेल आणि योंग झू यांनी १९९०च्या दशकात या पट्ट्यांना हे नाव दिले. विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जाणारी मध्य अक्षांशांतली बहुतेक वाफ, जवळपास नऊ दशांश, अशाच मोजक्या पट्ट्यांतून जाते, हे त्यांनी दाखवले. मध्यम ताकदीचा एक पट्टा मिसिसिपीच्या मुखातून सरासरी जेवढे पाणी वाहते तेवढे पाणी वाफेच्या रूपात वाहून नेतो. समुद्रावर असेपर्यंत तो कोणाचे काही बिघडवत नाही. किनारी पर्वतरांग आडवी आली की हवा वर चढते, थंड होते, आणि पाऊस कोसळतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ही क्रिया समजावून सांगायला नको.

कॅलिफोर्नियाच्या जगण्यात या पट्ट्यांचे स्थान आपल्या मोसमी पावसासारखे आहे. वर्षाच्या एकूण पावसा-बर्फातला तिसरा हिस्सा ते निम्मा वाटा त्यांच्याकडून येतो, तोही मोजक्या दिवसांत. एखाददुसरा पट्टा चुकला की टंचाई, लागोपाठ आले की पूर. १८६१-६२च्या हिवाळ्यात मध्य खोऱ्याचे विशाल सरोवर झाले होते. राजधानी सॅक्रामेंटो बुडाली आणि नवे गव्हर्नर लेलंड स्टॅनफर्ड शपथविधीला होडीतून गेले. अगदी अलीकडे, डिसेंबर २०२२च्या अखेरीपासून तीन आठवड्यांत नऊ पट्टे एकामागोमाग धडकले. त्याआधीची तीन वर्षे राज्य दुष्काळात होरपळत होते. पश्चिम अमेरिकेतल्या चाळीस वर्षांच्या पूरविम्याच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा पुराच्या नुकसानीपैकी ८४ टक्के नुकसान या पट्ट्यांशी जोडलेले निघाले.

म्हणून त्यांची प्रतवारी ठरवताना सॅन डिएगोच्या स्क्रिप्स संस्थेतले मार्टी राल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९मध्ये जे केले ते मला फार मोलाचे वाटते. चक्रीवादळांची प्रतवारी फक्त विध्वंस मोजते. या पट्ट्यांची प्रतवारी एकपासून पाचपर्यंत जाते, आणि पहिल्या पायरीचा पट्टा मुख्यतः उपकारक, पाचव्या पायरीचा मुख्यतः घातक, तिसरा दोन्हींच्या मध्ये, असे ती उघड म्हणते. पायरी ठरते दोन गोष्टींवरून: ठरावीक जागेवरून दर सेकंदाला किती वाफ वाहते, आणि ते वाहणे किती तास टिकते. अठ्ठेचाळीस तासांहून अधिक टिकले की पायरी एकने चढते, चोवीस तासांच्या आत आटोपले की एकने उतरते. कालावधीला हे स्थान देणे अगदी रास्त आहे, कारण जमीन पहिल्या दिवशी पाणी पिते आणि तिसऱ्या दिवशी तेच पाणी नदीत लोटते. धोका आणि दान एकाच मापात बसवणारी ही मोजणी धरण चालवणाऱ्याच्या मनातला पेच नेमका ओळखते. त्याला पूरही टाळायचा असतो आणि पाणीही राखायचे असते.

आता अंदाजाकडे वळू. एखादा पट्टा प्रशांत महासागरावर तयार होतो आहे, हे आठवडाभर आधी बऱ्यापैकी कळते. तो किनाऱ्यावर नेमका कुठे धडकेल, हे सांगणे कठीण. चार-पाच दिवस आधी ही जागा काही शे किलोमीटरने चुकू शकते. किनारपट्टी लांब आहे, पण खोरी लहान आहेत; शंभर किलोमीटरचा फरक एका खोऱ्याला पूर देतो आणि शेजारच्या खोऱ्याला साधी सर. वाऱ्याची दिशा थोडी बदलली तरी डोंगराच्या उतारावरचा पाऊस बदलतो. गोठणरेषा काही शे मीटर वर सरकली की बर्फ म्हणून डोंगरावर थांबणारे पाणी पाऊस होऊन तडक खाली येते. कधी आघाडीवर एखादी छोटी लहर उठते आणि पुढे सरकत असलेला पट्टा तासन्‌तास एकाच जागी रेंगाळतो. ही लहर आधी पकडणे हे या शास्त्रातले फार अवघड काम आहे.

अडचणीचे मूळ महासागर आहे. तिथे मोजमाप विरळ. उपग्रहांना दाट ढगांखालची, समुद्राला लगटून वाहणारी वाफ नीट दिसत नाही, आणि खरा माल तर तिथेच असतो. म्हणून २०१६पासून हिवाळ्यात विमाने पाठवली जाऊ लागली. अटलांटिकच्या चक्रीवादळांत घुसणारी अमेरिकी हवाई दलाची विमाने आणि त्यांच्या जोडीला नागरी हवामान संस्थेचे जेट पट्ट्याला आडवे उडतात आणि ठरावीक अंतरावर छोटी उपकरणे छत्रीला बांधून खाली सोडतात. पडता पडता प्रत्येक उपकरण तापमान, दाब, आर्द्रता आणि वारा यांची खबर देते. ती खबर जगभरच्या संगणकीय प्रारूपांत जाते आणि अंदाज सुधारतात. कुठे उपकरण टाकले तर अंदाज सर्वाधिक सुधारेल, हेही आधी गणिताने काढतात. पैसा आणि माणसांचा जीव पणाला लावून महासागरावरच्या एका रेघेवर इतकी मेहनत घेतली जाते, कारण ती वाया जाऊ न देणारा कोणीतरी किनाऱ्यावर बसला आहे.

लेक मेंडोसिनोला तो कोणीतरी मिळाला. २०१४ साली सोनोमा परगण्याचे पाणीखाते, अभियंता दल, स्क्रिप्सचे शास्त्रज्ञ, हवामान सेवा आणि मत्स्यसंरक्षण पाहणाऱ्या संस्था एका समितीत बसल्या. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता: जलाशयात नियमापेक्षा थोडे जास्त पाणी ठेवले, आणि मोठा पट्टा येतोय असे कळले, तर तो येण्याआधी ते जास्तीचे पाणी सुरक्षितपणे सोडता येईल का? सोडायला काही दिवस लागतात. तेवढ्या दिवसांचा अंदाज भरवशाचा असेल तर पाणी राखायला हरकत नाही. नसेल तर जुना नियमच बरा.

मला या सगळ्या कथेत सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट इथेच आहे. 'किती मिलिमीटर पडेल?' याचे उत्तर या निर्णयाला लागतच नाही. 'पुढच्या पाचेक दिवसांत मोठे काही येत नाही' एवढे खात्रीने कळले तरी पुरते. नकाराचा अंदाज होकाराच्या अंदाजापेक्षा पुष्कळ पक्का असतो. महासागरावर पट्टाच नसेल तर तो धडकण्याची जागा चुकण्याचा प्रश्न उरत नाही. पावसाचा आकडा सांगताना चाचपडणारे शास्त्र उघाड मात्र ठामपणे सांगू शकते, आणि धरणाला नेमके तेच हवे होते. 'अंदाज अचूक नाहीत, म्हणून वापरता येत नाहीत' हे म्हणणे इथे कोलमडते. कोणता अंदाज, किती दिवसांचा, कोणत्या निर्णयासाठी, हे विचारल्याशिवाय अचूकतेबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

त्यांनी एकच आकडा घेतला नाही. हवामानाच्या थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातींपासून संगणकाने काढलेल्या डझनावारी शक्यता घेतल्या, प्रत्येकीतून जलाशयात किती पाणी येईल ते काढले, आणि किती शक्यतांत धोक्याची पातळी ओलांडली जाते ते मोजले. ते प्रमाण आधी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेले की पाणी सोडायचे. ही मर्यादा दिवसागणिक वेगळी: उद्याच्या बाबतीत जोखीम जवळपास शून्य, पंधराव्या दिवसाच्या बाबतीत बरीच सैल, कारण तोवर विचार बदलायला वेळ आहे. म्हणजे किती जोखीम पत्करायची हे वादळ आल्यावर रात्री दोन वाजता एकट्या अभियंत्याने ठरवायचे नव्हते. ते आधी, उन्हात बसून, सर्वांनी मिळून, कागदावर ठरवले होते. २०२०च्या कोरड्या हिवाळ्यात या पद्धतीने जलाशयात अकरा हजार एकर-फुटांहून अधिक पाणी जास्तीचे राखले गेले. आपल्या मापात सुमारे अर्धा टीएमसी. एरवी राहिले असते त्यापेक्षा ते १९ टक्के अधिक होते, आणि त्यासाठी सिमेंटची एक पाटीही लागली नाही.

याला आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप ओरोव्हिलचा. ७७० फूट उंचीचे हे अमेरिकेतले सर्वांत उंच धरण. फेब्रुवारी २०१७मध्ये लागोपाठच्या पट्ट्यांनी जलाशय भरत असताना मुख्य सांडव्याच्या काँक्रीटला भगदाड पडले. मग बांधल्यापासून कधीही न वापरलेल्या आपत्कालीन सांडव्यावरून पाणी वाहिले, त्याखालची जमीन झपाट्याने खरवडली जाऊ लागली, आणि १२ फेब्रुवारीला १ लाख ८८ हजार माणसांना घरे सोडायला सांगावे लागले. अंदाज कितीही चांगला असो, पाणी सोडायचा मार्गच कुचकामी असेल तर काय? आक्षेप बरोबर आहे. स्वतंत्र चौकशी पथकाने पुढे ठपका ठेवला तो वर्षानुवर्षे साचलेल्या यंत्रणेच्या दोषांवर: धरणमालक खाते, नियामक आणि या व्यवसायाच्या रूढ पद्धती या सर्वांवर. अंदाजावर धरण चालवायचे तर सांडवा, दरवाजे आणि खालची नदी आधी धडधाकट पाहिजेत. पण अंदाज वापरू नये असा निष्कर्ष यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो, आणि तो ऑस्ट्रेलियातला आहे. जानेवारी २०११मध्ये ब्रिस्बेनच्या वर असलेल्या वायव्हनहो धरणाच्या पाणलोटात प्रचंड पाऊस झाला. शहर नुकतेच दीर्घ दुष्काळातून बाहेर आले होते, आणि हे धरण पाणीपुरवठा व पूरनियंत्रण या दोन्हींसाठी होते. शहरात पाणी शिरल्यावर हजारो पूरग्रस्तांनी सामूहिक दावा लावला. मुद्दा हाच: अभियंत्यांनी पडलेल्या पावसावर हिशेब केला, पावसाचा अंदाज धरून आधीच पाणी का सोडले नाही? नोव्हेंबर २०१९मध्ये न्यायालयाने अभियंत्यांचा निष्काळजीपणा मान्य केला. सप्टेंबर २०२१मध्ये वरच्या न्यायालयाने धरणचालक संस्थेचे अपील मान्य केले. तिच्या अभियंत्यांचे वागणे व्यवसायातल्या जाणकारांना मान्य असलेल्या रीतीला धरून होते, असे ठरले. अंदाजावर विसंबणे हे कर्तव्य की धाडस, यावर दोन न्यायालयांचे एकमत झाले नाही. मग धरणावर बसलेल्या अभियंत्याने काय करावे? पाणी आधी सोडले आणि पाऊस आला नाही, तर शेतकरी त्याला पाणी उधळणारा म्हणतील. सोडले नाही आणि पाऊस आला, तर तो जीव घेणारा. जिथे नियम त्याच्या पाठीशी नाही तिथे तो पडलेले पाणीच बघणार, आणि मी त्याला दोष देणार नाही. मेंडोसिनोत खरी भर पडली ती इथे. जोखमीची रेघ कागदावर असल्यामुळे निर्णयाचा भार एका खांद्यावर राहिला नाही.

कृष्णाकाठच्या माणसाला हे सगळे परके वाटणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. आणि त्याच सांगली जिल्ह्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आहेत, जिथे टेंभू आणि म्हैसाळ योजनांतून कृष्णेचे पाणी उपसून चढवावे लागते. वरचे कोयना धरण १०५ टीएमसीचे. पावसाळा संपेपर्यंत ते भरले पाहिजे, कारण वीज आणि सिंचन त्यावर आहे. ते भरत आले असताना मुसळधार आला की खाली हाहाकार. मेंडोसिनोचा पेच तो हाच, फक्त वीसेक पटींनी मोठा. विसर्गाचा हिशेब कठोर आहे: एक लाख क्युसेक सलग चोवीस तास सोडले तर ८.६४ टीएमसी जागा होते, आणि एवढे पाणी कोरड्या नदीपात्रात सोडणे वेगळे, आधीच फुगलेल्या नदीत सोडणे वेगळे. म्हणून दोन-तीन दिवस आधी निर्णय झाला तरच त्याला किंमत आहे.

पण कॅलिफोर्नियाची युक्ती जशीच्या तशी उचलता येणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तिथे दोन पट्ट्यांमध्ये कोरडे दिवस असतात, त्यामुळे नकाराचा अंदाज कामी येतो. जुलै-ऑगस्टात महाबळेश्वर-नवजाला कोरडा दिवस शोधावा लागतो. वाफ मोजण्याचे मापही इथे वेगळे लागेल. कॅलिफोर्नियात वाफेचा जो प्रवाह पट्टा म्हणून ओळखला जायला पुरतो, तेवढा प्रवाह पावसाळ्यात अरबी समुद्रावर नेहमीचाच असतो. पूर्व आफ्रिकेला वळसा घालून भारताकडे येणारा खालच्या थरातला जोरदार वारा, ज्याचा अभ्यास फिंडलेटर यांनी १९६९मध्ये मांडला, तोच हे बाष्प रोज आणत असतो. भारतावर धडकणाऱ्या वातावरणीय नद्यांचा अभ्यास आता होतो आहे. गांधीनगरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२३मध्ये दाखवले की १९८५ ते २०२० या काळातल्या देशातल्या दहा सर्वांत भीषण पुरांपैकी सात पुरांशी त्यांचा संबंध होता. तरीही मोसमी वाऱ्यांचा नेहमीचा ओघ कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते, हे इथे आपल्यालाच ठरवायचे आहे. आपल्याकडचा प्रश्न 'पाऊस येणार का?' असा नसून 'पुढचे चार दिवस नेहमीचे आहेत की नेहमीच्या पलीकडचे?' असा असेल. हा प्रश्न शक्यतांच्या भाषेत विचारला तर आजच्या प्रारूपांकडे त्याचे कामचलाऊ उत्तर आहे.

उत्तर वापरायची यंत्रणाही पूर्ण कोरी नाही. हवामान विभाग जिल्हावार रंगीत इशाऱ्यांसोबत नदीखोऱ्यांसाठी पावसाचे अंदाज देतो. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी येवा आणि विसर्ग यांची गणिते करणारी संगणकीय प्रणाली जलसंपदा विभागाने उभारलेली आहे. प्रत्येक धरणाची परिचालन सूची आहे. नाही ती जोखमीची रेघ: अंदाजातल्या शंभर शक्यतांपैकी किती शक्यतांत सांगली ४५ फूट ओलांडत असेल तर कोयनेतून किती क्युसेक सोडायचे, आणि ते पाणी वाया गेले तर उन्हाळ्यात ती तूट कोणी सोसायची. दर पावसाळ्यात खालच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पातळीवरून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात पत्रापत्री होते. २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानले नाही, तरी वाद शमला नाही, आणि शमणारही नाही. पातळीचा एकच आकडा मागत राहिले की दोन्ही बाजू आपापल्या भीतीपाशी अडून बसतात. अंदाजासोबत हलणारी रेघ दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी एकत्र आखली, ती मार्च-एप्रिलमध्ये, पाऊस नसताना, सांगली-शिरोळच्या आणि जत-आटपाडीच्या लोकांसमोर मांडली, तिच्यावर भांडणे होऊ दिली आणि मगच तिच्यावर सह्या केल्या, तर ऑगस्टमधल्या रात्री धरणावर असलेल्या अभियंत्याला वरून फोन येण्याची वाट पाहावी लागणार नाही. मेंडोसिनोच्या समितीला पहिल्या बैठकीपासून नियमातला तात्पुरता बदल मंजूर करून घ्यायला जवळपास पाच वर्षे लागली, आणि ते एकच धरण होते, एकाच राज्यातले. आपल्याला जास्त लागतील. ती वर्षे मोजायला अजून सुरुवात झालेली नाही.